हलकी मतपेटी



आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत विषय निवडायची मोकळीक वक्त्याला असते. मी माझा विषय कळवला आणि दुसऱ्याच दिवशी संयोजकांपैकी एकाचा फोन आला. "सर, लढाईला विरोध करणाऱ्या उमेदवारावर बोलणार? बीदर जिल्ह्यात? जरा वर बघा की." त्याचं खरं होतं. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, वैमानिक तिथं शिकतात. सूर्यकिरण पथकाचं ठाणंही तिथंच. नऊ विमानं एका ओळीत आभाळातून गेली की शाळेतली पोरं वर्ग सोडून पटांगणात येतात आणि मास्तरही त्यांच्या मागून येतात. मी निवृत्त झालो तरी अजून गच्चीवर धावतो. विमान सुंदर दिसतं, हे लढाई नको म्हणणाऱ्यानं आधी कबूल करावं. तेवढंही कबूल नसेल तर त्याचं पुढचं कुणी ऐकणार नाही.

पण विमानांचं आणि या मातीचं नातं बीदरच्या तळापेक्षा जुनं आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला, १९१८ साली, इंग्रजांच्या हवाई दलाची एक तुकडी फ्रान्सच्या भूमीवरून उडून जर्मनीवर बॉम्ब टाकत होती. तिचा क्रमांक ११० आणि नाव 'हैदराबाद'. नाव असं का, तर तिची पहिली विमानं निजामानं भेट दिलेली होती. दुसऱ्या महायुद्धातही १५२ क्रमांकाच्या तुकडीनं हैदराबादचं नाव मिरवलं. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल निजामाला 'विश्वासू मित्र' असा किताब मिळाला होता. आता निजामाच्या खजिन्यात पैसा येत होता कुठून? बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड इथल्या शेतसाऱ्यातून. ज्वारीच्या कणसाला दाणा भरला की नाही याची काळजी करणाऱ्या आपल्या पणजोबांनी, ज्या शहरांची नावं त्यांनी जन्मात ऐकली नव्हती त्यांच्यावर टाकायच्या बॉम्बसाठी पैसे दिले. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती, कारण मत नावाची गोष्टच नव्हती.

म्हणून आजचा प्रश्न साधा आहे. मत आल्यावर काय झालं? कुणी छोट्या पक्षाचा माणूस मतदाराच्या दारात जाऊन म्हणाला का, की ही लढाई मला मान्य नाही, पटत असेल तर मत द्या? म्हणाला असेल तर त्याचं काय झालं?

आपल्या भागात याचं उत्तर शोधायला मला बराच वेळ लागला. तिकडे मी शेवटी येईन. आधी रत्नागिरी आणि ठाण्याला जाऊ.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पक्ष लहान, पैसा नाही, समोर काँग्रेसची लाट. तरी त्यानं लढवलेल्या सतरा जागांपैकी बहुतेक जिंकल्या. निवडून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले एक होते शामराव परुळेकर. ते भारत सेवक समाजात काम करणारे, दलित नसलेले, आणि तरी बाबासाहेबांच्या पक्षाच्या तिकिटावर उभे राहिलेले. खोतीविरुद्धचा लढा त्यांनी बाबासाहेबांच्या बरोबर चालवला. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले, त्यात ते होते. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकर, परुळेकर आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे, मिरजकर एका बाजूला उभे राहिले. मराठी राजकारणात असे दिवस फार आले नाहीत, म्हणून हा दिवस मी जरा थांबून सांगतो.

याच काळात मुंबईत आणखी एक काम चाललं होतं. पुण्याच्या गोखले घराण्यातली, कायद्याची पदवी घेतलेली एक बाई घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधत होती, प्रौढांना अक्षरं शिकवत होती. गोदावरी गोखले. भारत सेवक समाजात आजीव सदस्य म्हणून घेतलेली ती पहिली स्त्री. १९३९ साली शामराव आणि गोदावरी यांचं लग्न झालं. त्याच सालच्या सप्टेंबरात लढाई जाहीर झाली.

ही लढाई हिंदुस्थानवर जाहीर कशी झाली हे इथं बसलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सांगून टाकलं की हिंदुस्थान जर्मनीशी युद्धात आहे. अकरा प्रांतांत निवडून आलेली विधिमंडळं होती, त्यांतल्या एकालाही विचारलं नाही. १९१८ ला निजामानं आपल्याला विचारलं नव्हतं, तो राजाच होता. १९३९ ला मात्र ज्यांना विचारायला हवं होतं ती माणसं निवडून येऊन बसलेली होती.

महिनाभरानं, २ ऑक्टोबर १९३९, सोमवार, कामाचा दिवस. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी लढाईच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. नव्वद हजार कामगार. त्या लढाईविरुद्धचा कामगारांचा हा जगातला पहिला संप म्हणून पुढे सांगितला गेला. तारीख गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाची, पण खुद्द गांधीजी तेव्हा इंग्रजांना नैतिक पाठिंबा देऊ करत होते. त्यांचा वैयक्तिक सत्याग्रह वर्षभरानं सुरू व्हायचा होता, १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला, विनोबांच्या भाषणानं. सांगायचं इतकंच की आपल्याकडे लढाईला नको म्हणण्यात परळच्या साचेवाल्याचा नंबर आश्रमाच्या आधी लागतो.

नव्वद हजार माणसं एका परक्या खंडातल्या लढाईसाठी मजुरी का बुडवतात? पोलंड त्यांनी पाहिलं होतं का? मला याचं उत्तर चाळीतल्या चुलीपाशी दिसतं. लढाई आली की धान्य महागतं, रॉकेल महागतं, मालकाचा नफा वाढतो आणि पगार जागच्या जागी राहतो. पहिल्या लढाईत हे त्यांच्या बापांनी भोगलेलं होतं. पुढच्याच मार्चमध्ये याच गिरण्या महागाई भत्त्यासाठी बंद पडल्या. साम्राज्यवाद वगैरे शब्द सभेत बोलणाऱ्यांचे होते, शेर-पायलीचा हिशेब ऐकणाऱ्यांचा होता, आणि बोलणाऱ्यांनी हे दोन्ही जोडून दाखवले. माझ्या मते सगळी गोम या जोडण्यात आहे. लढाईच्या विरोधात उभा राहिलेला माणूस घरातल्या हिशेबापर्यंत पोचला नाही तर त्याचं भाषण कीर्तन होतं. लोक माना डोलावतात आणि घरी जातात.

सरकारनं डांगे, रणदिवे, मिरजकर अशा कम्युनिस्ट पुढाऱ्यांना उचललं. आता कम्युनिस्टांच्या बाजूला आलेले परुळेकर पती-पत्नीही गजाआड गेले, १९४० ते १९४२. शामराव तेव्हा विधानसभेचे निवडून आलेले सभासद होते.

आता या गोष्टीतला अवघड भाग. मी तो गाळला तर गुरुजी वरून चष्म्याआडून बघतील.

पहिली अडचण बाबासाहेबांची. ज्या माणसाच्या पक्षाच्या तिकिटावर शामराव निवडून आले त्या माणसाचं लढाईबद्दलचं मत उलटं होतं. नाझी हरले पाहिजेत, असं बाबासाहेबांचं ठाम मत होतं. शिवाय सैन्य हा त्यांना घरचा विषय होता. वडील सुभेदार. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली, तेव्हा एका समाजाला वर यायचं एक दार बंद झालं. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि ते दार पुन्हा उघडलं. ज्याला गावात पाणी भरू देत नाहीत त्याच्या हातात बंदूक, अंगावर वर्दी, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याला तुम्ही काय सांगणार, की ही लढाई आपली नाही म्हणून? त्याचा गावच कुठे त्याचा होता?

हा प्रश्न जुना झालेला नाही. उद्या पहाटे भालकी-उदगीर रस्त्यावर जाऊन बघा. सैन्यभरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. अंगात बनियन, पायात फाटके बूट, हातात मोबाइलवर लावलेलं घड्याळ. २०२२ पासून अग्निपथ योजनेत नोकरी चारच वर्षांची झाली, त्यानंतर चारांतला एकच पुढे ठेवतात, तरी ती धावतात. त्यांच्यासमोर उभं राहून लढाई वाईट म्हणणाऱ्या उमेदवारानं आधी हे सांगितलं पाहिजे, की तुझ्या पगाराची माझ्याकडे दुसरी कुठली सोय आहे. शामरावांच्या कम्युनिस्ट पक्षानं याला उत्तर दिलं असं मला वाटत नाही. या एका ठिकाणी मला बाबासाहेब अधिक जमिनीवर दिसतात.

दुसरी अडचण जून १९४१ ची. २२ तारखेला हिटलरनं रशियावर चाल केली आणि कम्युनिस्टांच्या लेखी लढाईचं नाव बदललं. कालपर्यंत साम्राज्यवाद्यांची लढाई होती, ती आता लोकयुद्ध झाली. १९४२ ला पक्षावरची बंदी उठली, माणसं सुटली, आणि देश 'चले जाव' म्हणत असताना ही माणसं संप करू नका म्हणत फिरू लागली. अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी भूमिगत होऊन धावत होते, आणि हे उघड्यावर सभा घेत होते. लोकांनी यांना काय काय म्हटलं ते मी इथं उच्चारत नाही. पोथी बदलली की भूमिका बदलते, अशा विरोधाला मी युद्धविरोध म्हणायला कचरतो. फॅसिझमला हरवणं चूक होतं असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी चुलीचा जो हिशेब तुम्ही कामगाराला समजावून सांगितला, तो हिशेब मॉस्कोवर बॉम्ब पडल्यानं बदलला नव्हता. रॉकेल तसंच महाग होतं.

मग या दोघांवर मी इतका वेळ का घालवतोय? कारण पुढे ते जिथं गेले तिथं त्यांना हिशेब समोर दिसला. ठाणे जिल्ह्यात डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या जंगलपट्टीत वारली माणसं जमीनदाराकडे वेठबिगार होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघं जन्मभर गुलाम, त्यांना 'लग्नगडी'च म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरीला वारल्यांचा मेळावा झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. युरोपातली लढाई मेमध्ये आणि जपानची ऑगस्टमध्ये थांबली होती. आपल्याकडे जंगलात ती तेव्हा सुरू होत होती. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. १९७० साली ते आलं, साहित्य अकादमीनं गौरवलं. आपल्याकडच्या किती वाचनालयांत ते आहे, हे इथल्या ग्रंथपालांना चहाच्या वेळी विचारीन.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव कम्युनिस्ट पक्षाकडून ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा ठाणे मतदारसंघाला दोन खासदार होते. शामरावांच्या जोडीला दुसऱ्या, आदिवासींसाठी राखीव जागेवर त्याच पक्षाचे लक्ष्मण मातेरा निवडून आले. छोट्या पक्षाचा माणूस दिल्लीला पोचला. आणि मग १९६२.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला. कम्युनिस्ट पक्षात उभी फूट पडली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पक्षानं नेहरूंच्या बाजूनं ठराव केला आणि तो करून घेण्यात पुढे कोण होते? श्रीपाद अमृत डांगे, पक्षाचे अध्यक्ष. १९३९ ला लढाईविरुद्ध नव्वद हजार माणसं रस्त्यावर आणणारे तेच. त्यांचं म्हणणं होतं, ही साम्राज्यवाद्यांची लढाई नाही, देशावर आलेलं संकट आहे. हे म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या गटानं वाटाघाटी करा म्हटलं आणि भारत संरक्षण नियमांखाली ती माणसं शेकड्यांनी आत गेली. त्यांत शामराव होते, गोदावरीबाई होत्या. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सोबतीनं तुरुंग पाहिला, त्यांच्याच ठरावाच्या दुसऱ्या बाजूला राहून पुन्हा तुरुंग. काहींच्या मनात चीनबद्दल आपुलकी होती, हे खरं. पण बोलणी करा म्हणणं आणि शत्रूला जाऊन मिळणं यांत जे अंतर आहे ते त्या दिवसांत कुणालाच दिसत नव्हतं. वर्तमानपत्रांना तर नाहीच.

१९६५ च्या ऑगस्टात, स्थानबद्ध असतानाच, शामराव वारले. पाकिस्तानशी पुढची लढाई तेव्हा तोंडावर आलेली होती.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. जगाकडे एक फेरी मारून येऊ, फार लांबवणार नाही.

बाबासाहेबांच्या पक्षाचं इंग्रजीत जे नाव होतं, तेच नाव त्याआधी इंग्लंडमधल्या एका पक्षाचं होतं. त्या इंग्रजी स्वतंत्र मजूर पक्षानं १९१४ च्या लढाईला विरोध केला. त्यातले रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी लढाई सुरू होताच मजूर पक्षाचं संसदेतलं नेतेपद सोडलं. १९१८ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पाडलं. १९२१ ला वुलविचच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले. वुलविच म्हणजे तोफा बनवायचं गाव, आणि समोर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला कॅप्टन गी. पुन्हा पडले. तीन वर्षांनी तोच माणूस इंग्लंडचा पंतप्रधान झाला. मतदाराच्या रागाला मुदत असते, एवढंच मी यातून घेतो.

दुसरा अमेरिकेतला युजीन डेब्ज. रेल्वे कामगारांचा पुढारी, समाजवादी पक्षाचा. जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी त्यानं लढाईविरुद्ध भाषण केलं आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ला अध्यक्षपदाची निवडणूक आली तेव्हा तो अटलांटाच्या तुरुंगात होता. पक्षानं त्यालाच उमेदवार केलं. त्याचा कैदी क्रमांक ९६५३ हाच प्रचाराचा बिल्ला झाला. त्याला नऊ लाखांवर मतं पडली, शेकडा साडेतीनाच्या आसपास. निवडून यायचा प्रश्नच नव्हता. पण नऊ लाख माणसांनी एका कैद्याच्या नावावर खूण करून सांगितलं की हा गुन्हेगार नाही. वरच्या कोर्टानं त्याचं अपील फेटाळलं होतं, आणि मतपत्रिकेवर त्याला एक दुसरं कोर्ट सापडलं. १९२१ च्या नाताळात नव्या अध्यक्षानं त्याला सोडलं.

आणखी एक, अलीकडची. सिंडी शीहन. तिचा मुलगा केसी एप्रिल २००४ मध्ये इराकमध्ये मारला गेला. पुढच्या वर्षी ती टेक्सासमध्ये अध्यक्षांच्या शेताबाहेर तंबू ठोकून बसली. २००८ ला ती सॅन फ्रान्सिस्कोतून प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसींविरुद्ध अपक्ष उभी राहिली आणि दुसरी आली. २०१२ ला शांतता आणि स्वातंत्र्य नावाच्या एका छोट्या पक्षानं तिला उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. मुलगा गेलेली आई मत मागायला दारात येते तेव्हा तिला काय सांगावं हे माणसाला सुचत नाही. मत न देणाऱ्यालाही दार लावून घेणं जड जातं.

आता आपल्या मातीत.

आपल्याकडेही एक लढाई झाली, पण तिला लढाई म्हणत नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. रणगाडे आले, विमानं आली, आणि नाव काय तर 'पोलीस ॲक्शन'. माझी आजी तेही म्हणायची नाही. ती म्हणायची 'गडबडीचं साल'. त्याआधी रझाकारांनी काय केलं ते बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याला जाऊन विचारा, मे १९४८ चं. त्यानंतर काय झालं ते मात्र विचारायचं नाही, असा आपल्याकडे अलिखित नियम. नोव्हेंबरअखेर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री दिल्लीहून आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ते फिरले, नऊ जिल्ह्यांत. सगळ्यात जास्त सोसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे लिहिले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. म्हणजे आपणच. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि तिच्यानंतर मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. सुंदरलाल गांधीवादी, इंग्रजी राज्यावरचं त्यांचं पुस्तक इंग्रजांनी जप्त केलेलं. पुढे ते शांतता चळवळीत बोलत राहिले. पण हा अहवाल त्यांनी सरकारला दिला आणि सरकारनं तो कपाटात ठेवला. २०१३ पर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षं.

मी हे का सांगतो? सुंदरलालांनी कुठे निवडणूक लढवली होती? नाही लढवली, आणि म्हणूनच सांगतो. त्यांना जे दिसलं ते त्यांनी फाइलीत लिहिलं. फाइलीला कुलूप लावता येतं. बाजारात उभ्या राहून बोललेल्या उमेदवाराच्या शब्दांना कुलूप लावता येत नाही. तो हरला तरी त्याचं पत्रक शंभर घरांच्या फळीवर पडलेलं असतं. आपल्या चार जिल्ह्यांत १९४९ ला निवडणूक असती, आणि एक माणूस सगळ्या बाजूंचे मुडदे मोजून मत मागायला उभा राहिला असता, तर तो पडला असता यात शंका नाही. पण २०१३ पर्यंत थांबायची पाळी आली नसती.

पहिली निवडणूक आली ती १९५२ ला. हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागा. काँग्रेस ९३, डाव्यांची लोकशाही आघाडी ४२, समाजवादी ११, शेतकरी कामगार पक्ष १०, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन ५. विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे, मराठी माणूस, तेलंगणातून निवडून आलेला. आकडे मी सांगितले कारण छोट्या पक्षांचं इतकं मोठं बाकडं या भागाला पुन्हा मिळालं नाही. चार वर्षांनी भाषावार वाटणी झाली, बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडे गेले, आपण सीमाभाग झालो आणि मग आपल्या सगळ्या निवडणुका त्या एकाच प्रश्नाच्या झाल्या. सीमेचा प्रश्न खरा आहे, मी नाकारत नाही. पण सत्तर वर्षं एकच प्रश्न विचारणाऱ्या गावात दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

त्या १९५२ ला गुरुजी बाविशीत होते आणि निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. एका छोट्या पक्षाचा उमेदवार बाजाराच्या दिवशी गाडीवर उभा राहिला आणि कोरियातल्या लढाईवर तासभर बोलला. अमेरिकेनं काय केलं, शांततेसाठी सह्या कशा गोळा करायच्या, सगळं. बोलणं संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाबा, हे कोरिया कुठल्या तालुक्यात येतंय?" बाजार हसला. उमेदवारही हसला, पण त्याला उत्तर सुचलं नाही. गुरुजी म्हणायचे, त्या वर्षी कापडाचे, रॉकेलचे भाव कसे चढले होते ते त्याच बाजारात समोर मांडलेलं होतं. त्यानं नुसतं त्या दुकानाकडे बोट दाखवून म्हटलं असतं की कोरिया त्या तालुक्यात येतंय, तर म्हातारा मान डोलावता. परळच्या लोकांना जे जमलं ते याला जमलं नाही.

तेव्हाच्या मतदानाची पद्धत तरुणांना माहीत नसेल. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, लोखंडी, वर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदार पडद्याआड जाई आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकी. शिक्का मारायचा नाही, घडी घालून टाकायचं. म्हणजे छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं रितेपण आजच्यासारखं यंत्रात लपलेलं नसे, ते टेबलावर मांडलेलं असे.

संध्याकाळी मतदान संपलं. सीलबंद पेट्या बैलगाडीत चढवायच्या होत्या. कागदाचं वजन ते काय असणार, पण गुरुजी म्हणायचे, हातात घेतली की कळायचं. मोठ्या पक्षाच्या पेटीतून आवाज येत नसे, ती ठासून भरलेली. कोरियावाल्याची पेटी उचलली तर आत कागद सरकल्याचा आवाज झाला. आठ-दहा असतील. शिपाई म्हणाला, "गुरुजी, ही तर रिकामीच." गुरुजींनी ती गाडीत शेवटी ठेवली, बाकीच्यांच्या वर, म्हणजे त्यांच्या वजनानं चेपू नये.

मी त्यांना विचारलं होतं, "त्यातलं एक तुमचं होतं का?"

"नाही ना," ते म्हणाले. "दिवसभर त्या टेबलापाशीच बसलो होतो. ड्यूटीवर होतो म्हणून माझं मत राहून गेलं."